दीपा : शून्य टक्के

दर रविवारी सकाळी, बापूंचा चहा चमच्याने पाजून होतो न होतो तोच, माझी लायकी काय आहे ते व्हॉट्सअॅपवर येऊन पडतं.

माझा धाकटा भाऊ अनुपम पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. बापूंना, म्हणजे आमच्या वडिलांना, लकव्याचा झटका आला तेव्हा तो धावत जबलपूरला आला, चार दिवस राहिला आणि जाताना आमच्या दोघांच्या फोनवर उघडणारी एक फाइल करून गेला. साधी फाइल, नुसत्या ओळी. एका ओळीत एक काम आणि पुढे ज्याने करायचं त्याचं नाव. काम झालं की ओळीच्या सुरुवातीला फुली मारायची. रविवारी त्याचा एक प्रोग्रॅम त्या फुल्या मोजतो आणि घरच्या ग्रुपवर ‘साप्ताहिक प्रगती अहवाल’ पाठवून देतो. अनुपम : शंभर टक्के. दीपा : शून्य टक्के.

शंभर टक्के का नसणार? त्याची कामं बघा. औषधं ऑनलाइन मागवणे. डॉक्टरांची वेळ घेणे. विमा कंपनीला मेल करणे. बटण दाबलं, फुली मारली, मोकळा. आणि माझ्या ओळी? बापूंना भरवणे. अंग पुसणे. कूस बदलणे. धरून चालवणे. सकाळी भरवलं की दुपार आ वासून उभीच. ह्यात पूर्ण काय करायचं, सांगा ना!

शिवाय फुली मारलेली ओळ उडून ‘संपलेली कामे’ ह्या मथळ्याखाली जाऊन बसते. आमच्या आईने घरात कधी मीठसुद्धा संपलं म्हणू दिलं नाही. ‘मीठ वाढलं’ म्हणायचं. त्याच घरातली मी, बापूंच्या नावाची ओळ ‘संपलेली’च्या खाली ढकलू? पहिल्या दिवशी एकदा फुली मारली होती. ती ओळ तिथे दिसली. लगेच फुली खोडली. त्यानंतर त्या फाइलीला हात लावला नाही.

अनुपमला हे सांगितलं तर तो हसला. “ताई, रोजची नवीन ओळ टाकत जा ना. दोन मिनिटांचं काम आहे.” म्हणजे एका हाताने बापूंची मान सांभाळायची आणि दुसऱ्या हाताने ओळी टाइप करायच्या. मग शाळेत जाऊन पोरांना गणित शिकवायचं. वा रे वा!

त्यात नागपूरचे दिवाकरकाका. बापूंचे सख्खे भाऊ. झटक्यानंतर एकदा संत्रा बर्फीचा डबा घेऊन आले आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेले. ते दर रविवारी अहवालाखाली अंगठ्याचं चित्र टाकतात. एकदा लिहिलं, “अनुपम, शाब्बास! दीपा, थोडं मनावर घे.” तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

पण मी गप्प बसले, तिथेच चुकलं. गेल्या महिन्यात अहवालाच्या शेवटी ‘निष्कर्ष’ आला. जबलपूरच्या बाजूने तीन महिन्यांत काहीच प्रगती नाही, सबब बापूंना पुण्याच्या केअर सेंटरमध्ये हलवावे. अँब्युलन्स ठरवली आहे. काकांचा अंगठा.

बापूंचं सगळं आयुष्य ह्या गावात गेलं. राइट टाउनच्या आमच्या खिडकीत बसवलं की रस्त्यावरची स्कूटर कोणाची, ते अजून आवाजावरून ओळखतात. त्यांचे तुटके शब्द मला कळतात, मी शाळेत असताना त्यांच्याजवळ बसणाऱ्या शेजारच्या शकुमावशीला कळतात. त्या सेंटरमध्ये त्यांनी पाणी मागितलं तर कोणाला कळणार होतं?

बापूंना न्यायला अनुपम आला तो लॅपटॉप घेऊनच. जेवणाच्या टेबलावर तो उघडून बसला, शेजारी मोबाइलवर काका. मी समोरच बापूंना दलिया भरवत होते. मी म्हटलं, बापू कुठेही जाणार नाहीत.

“तू मनाला काहून लावून घेऊन राहिली, ताई?” अनुपम म्हणाला. “मी आकडे पाहून बोलून राहिलो. इथं काम होऊनच नाही राहिलं.”

“काम झालं असेल तर दाखवायला काय जाते?” मोबाइलमधून काका.

मी चमचा वाटीत ठेवला. “अच्छा. चलो, माझी पहिली ओळ वाच.”

“बापूंना भरवणे. दीपा. अपूर्ण.”

“ते कोणत्या दिवशी पूर्ण होईल? तारीख टाकता येते ना तुझ्या फाइलीत? टाक.”

“ताई, तसं नाही...”

“टाक ना! ज्या दिवशी बापू तोंड उघडायचं थांबतील, त्या दिवशी माझे शंभर टक्के होतील. त्या दिवशी मारीन मी फुली. तोपर्यंत शून्यच लिही. मोठ्या अक्षरांत लिही, काकांनाही दिसलं पाहिजे.”

अनुपमचा हात कीबोर्डवरून खाली आला. बापूंच्या देखत बोलून गेले होते मी. वाईट वाटलं, पण शब्द परत घेतला नाही. दलिया त्यांच्या हनुवटीवर ओघळला होता, तो पुसला.

तेवढ्यात बापू बोलले. एकेक शब्द ओढून काढावा तसे.

“अनुपम... इतकी घाई... काहून... करून राहिला?”

अनुपमचा फोन वाजायला लागला. अँब्युलन्सवाला होता. अनुपमने फोन कापला, उलटा ठेवला आणि मान खाली घालून बसला.

बापूंनी पुढच्या घासासाठी आ केला.