‘ह्राउन्वेगुर’ बँडचा घसा

मित्रांनो, जुनी काळी पेटी समजून माझ्यावर कॉफीचे कप ठेवू नका. मी आइसलँडच्या ‘ह्राउन्वेगुर’ या मेटल बँडचा अँप्लिफायर आहे. गिटारवर बोटं फिरतात ओर्वरची, पण ओरडतो मी.

आमची सुरुवात एका मासळीच्या गोदामात झाली. तेव्हा माझी सगळी बटणं शेवटपर्यंत पिळलेली असत. गाणी सुसाट, गायक गुरगुरणारा. शब्द त्याच्या आईलाही कळत नसत, तरी ती दर कार्यक्रमाला यायची, कानात कापूस घालून. पुढे पोरं बाप झाली, झोप उडाली आणि गाणी संथ झाली. मग व्हायोलिन आलं, चर्चचा गायकवृंद आला, गुरगुरणारा चक्क गाऊ लागला. समीक्षक म्हणाले, परिपक्वता! परिपक्व झाले ते, बटणं उतरली माझी: दहावरून सहा, सहावरून तीन. शेवटी जेवणाच्या डब्याएवढं एक डिजिटल यंत्र आलं. माझ्याच आवाजाची नक्कल करायचं. मी ताडपत्रीखाली गेलो.

यंदा अमेरिकेच्या दौऱ्यात जुन्या चाहत्यांसाठी एक जुनं गाणं ठरलं, म्हणून मला बाहेर काढलं. मिनियापोलिसच्या थिएटरात दुपारच्या तालमीला मला भिंतीतल्या सॉकेटला जोडलं. मला लागते दोनशेतीस व्होल्टची वीज, इथे मिळते एकशेवीसची. मधे लावायचा ट्रान्सफॉर्मर ड्रमर मागच्या गावी विसरला होता. ते कबूल करायचं सोडून पठ्ठ्याने गुपचूप माझी पिन तेवढी बदलली. माझे दिवे मिणमिणले. आवाज फुटेना.

“म्हातारा संपला,” ओर्वर म्हणाला. “परत कशाला न्यायचा? इथेच टाकू.”

बावीस वर्षांत त्याने मला चारदा थोपटलं. लाथा मोजणं मी कधीच सोडलं. पण लागलं ते हे वाक्य.

थिएटरचा साउंड सांभाळणारी इला माझ्यामागे वाकली. माझ्या पाठीवरची व्होल्टची पट्टी वाचली आणि आईला फोन लावला.

“आई, किचनमधला तो हेवी डबा हवाय. मिक्सरचा. राइट नाऊ!”

“ट्रान्सफॉर्मर? अगं, दाण्याचं कूट अर्धं झालंय.”

“प्लीज, आई. नाहीतर हे लोक एका चांगल्या अँपला फेकून देतील.”

“हो का? आणि माझ्या पुण्याच्या मिक्सरला ‘जंक आहे, फेक’ कोण म्हणत होतं?”

तासाभरात इलाची आई, शैलजाकाकू, ईडन प्रेरी या उपनगरातून स्वतः आल्या. डब्यावर कुटाची पूड तशीच होती. इलाने तो मधे जोडला, माझे काचेचे व्हॉल्व्ह उजळले आणि ओर्वरने तार छेडली. मी असा गरजलो की काकूंनी कान झाकले.

“मिक्सरपेक्षा बरा आहे हो,” त्या म्हणाल्या.

मग ओर्वरने बटण तीनवर आणलं आणि नवं, गायकवृंदाचं गाणं वाजवलं. मी हळू आवाजात सूर धरून राहिलो. गाणं संपलं. मग त्याने डिजिटल यंत्राची वायर काढली.

“नवी गाणीही यावरच,” तो म्हणाला.

मित्रांनो, कुणाचा आवाज बसलेला दिसला तर लगेच ‘संपला’ म्हणू नका. त्याला पुरेसं मिळतंय का, तेवढं आधी बघा.