नजरेची उंची

मंगळवारी सकाळी निसणगडाने गोरखच्या घराकडे पाठ फिरवली. बुरूज, दरवाजा, तटबंदी, सगळं पलीकडे गेलं. अंगणातून नुसता उघडा कडा दिसायला लागला.

यामागचं कारण गोरखला ठाऊक होतं. आदल्या दिवशी त्याच्या दोस्ताने, सलीलने, लॅपटॉपवर नकाशा केला होता. गडावरून दिसतं ते हिरवं, दिसत नाही ते राखाडी. सलीलचं घर हिरवं. गोरखचं राखाडी.

"आई, गड फिरला."

"फिरेल नाहीतर काय. इतकी वर्षं एका कुशीवर. अंग अवघडलं असेल."

गोरख गड एकशे बेचाळीस वेळा चढला होता. सलील दोनदा, तेही ड्रोन उडवायला. गोरखला हे सोसेना. व्हिडिओ बघून बघून तोही शिकला होता थोडंफार. त्याने नवा नकाशा उघडला आणि सलीलच्या घराभोवतीची जमीन चाळीस मीटर वर उचलली.

दुपारी सलीलचा फोन. "गोऱ्या, आमच्या चारी बाजूंनी डोंगर आलेत रे. कुरडया वाळेनात."

"हवा बदलली असेल."

पण गड आता शाळेकडे बघत होता. गोरखने शाळेपुढे डोंगर घातला. मग देवळापुढे. मग एसटीच्या थांब्यापुढे. शेवटी नकाशावर एकच हिरवा ठिपका उरला, त्याच्या घराएवढा.

"गिरणीकडे जायला वाट नाही ठेवलीस," आई दळणाचा डबा परत आणत म्हणाली. "तुझा गड तुला लखलाभ."

गड वळला. वळून थांबला मात्र नाही. खाली उतरायला लागला.

गोरखने सलीलला फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं.

"नकाशात गडाच्या नजरेची उंची किती टाकलीस?" सलीलने विचारलं. "मी माणसाएवढी टाकली होती."

"ती चौकट रिकामी सोडली."

"म्हणजे शून्य. येड्या, आता त्याला भुईला डोळा लावूनच बघावं लागणार."

फोन कट झाला. अंगणात दगडावर दगड घासला. खिडक्या तटबंदीने भरल्या. गोरखने दाराला कडी लावली. दाराखालच्या फटीतला उजेड गेला आणि तिथून गार वारा आला, गडावरच्या टाक्यातल्या पाण्याच्या वासाचा.

"कोण आलंय रे?" आईने आतून विचारलं.

"माझ्याकडे आलंय."

फटीतून गडाला गोरखच्या पायाचा अंगठा तेवढा दिसत असणार. त्याने तो जरा पुढे सरकवला.