पहिलीच्या खालची पायरी

दहावीच्या निरोपाला वरण-बट्टीच करायची आणि ती करायला गावातल्या बायकांनी जायचं, हे पारोळ्याकडच्या त्या गावात ठरलेलं. अंगणवाडीच्या कमलबाई दरवर्षी सगळ्यांच्या आधी हजर. बट्ट्या तळायची कढई त्या मुद्दाम शाळेच्या हॉलच्या खिडकीखाली मांडून घेत. धूर आत जातो म्हणून शिपाई कुरकुर करायचा, आणि कमलबाईंना नेमकं तेव्हाच कमी ऐकू यायचं.

कारण त्या खिडकीतून ‘उतरण’ ऐकू येई. हेडमास्तर रतिलाल सरांनी पाडलेली ही पद्धत. दहावीतल्या एकानं उभं राहायचं आणि दहावीपासून एकेक इयत्ता खाली उतरत, कुठं कुणी काय शिकवलं ते सांगायचं. पोरं उतरत उतरत पहिलीशी येत, नवल गुरुजींचं नाव घेत आणि टाळ्या पडत. पहिलीच्या खाली कधी कुणी उतरलंच नाही.

कमलबाईंना ते लागायचं. अहो, पोरं काय थेट पहिलीत टपकली होती? आईचा पदर सोडायचा, शेंबूड पुसायचा, शेजारच्याचा खाऊ हिसकायचा नाही, आपली पाळी येईपर्यंत थांबायचं, हे काय झाडाला लागतं? या उन्हाळ्यात त्या निवृत्त होणार होत्या. म्हणजे ही शेवटची उतरण. यंदा तरी कुणी आणखी एक पायरी उतरावं आणि आपलं नाव घ्यावं, एवढंच त्यांना हवं होतं. या वयात असं काही हवंसं वाटतं, याची थोडी लाजही वाटत होती.

यंदा उभी राहिली दिपमाला. तिची आई सविता कमलबाईंच्या शेजारीच उकडलेल्या बट्ट्या कापत होती आणि पोरीपेक्षा जास्त घाबरली होती.

कमलबाईंना मात्र तीन वर्षांची दिपमाला दिसत होती. रोज अंगणवाडीच्या दाराला धरून रडायची, आत यायचं नाव नाही. शेवटी कमलबाई तिच्याजवळ उंबऱ्यातच बसू लागल्या. तिथूनच बाकीच्या पोरांना गाणी म्हणून दाखवायच्या आणि रोज हळूच थोडं आत सरकायच्या. त्यांच्यामागे तीही सरके. दिवाळीच्या सुमाराला दोघी पार समोरच्या भिंतीपाशी पोचल्या होत्या. किती गोड दिवस होते ते, आणि तेव्हा कमरही दुखत नव्हती.

आता तीच पोर आईची साडी नेसून शुद्ध मराठीत उतरत होती. नववीत चुकलेलं गणित न खोडता पुन्हा मांडायला शिकले. सातवीत खो-खो हरल्यावर समोरच्या संघाला पाणी द्यायला शिकले. चौथीत नकाशात आपला जिल्हा सापडला, तिसरीत पाढ्यांची भीती गेली.

“आणि पहिलीत नवल गुरुजींनी मला वर्गात बसायला शिकवलं.”

“खोटं,” पहिल्या रांगेतून म्हातारे नवल गुरुजी म्हणाले. नोकरी संपली होती, जीभ तशीच होती. “पहिल्या दिवशी तू आपली आपण येऊन बसलीस. वर शेजारी रडणाऱ्या भिका नावाच्या पोराची समजूत काढलीस. ते तू शिकूनच आली होतीस. कुणी शिकवलं, ते सांग.”

कमलबाईंचा झारा कढईवरच थांबला.

दिपमाला गोंधळली. छताकडे पाहून तिनं बराच विचार केला आणि मग सगळं शुद्ध मराठी बाजूला ठेवून घरच्या बोलीत म्हणाली, “कोनी शिकाडं, माले याद नही गुरुजी. माले तर वाटे, ते माले पहिलेपासून येतच व्हतं.”

हॉल हसला. टाळ्या पडल्या. उतरण संपली.

सविता सुरी टाकून उठली. “अक्का, तुम्ही शिकाडं ना तिले. मी जास आनि सांगस.”

कमलबाईंनी तिचा हात धरला. वाईट वाटलं होतं. पण खिडकीतून दिपमाला मैत्रिणींत हसताना दिसत होती. आपण कधी कशाला घाबरलो होतो, याचा मागमूसही त्या चेहऱ्यावर नव्हता.

“ऱ्हाऊ दे व माय,” कमलबाई म्हणाल्या. “तिले येतच व्हतं.”