बगळ्यांचा मनोरा पेटेना

पारांदाच्या दिवशी, म्हणजे दोन आळ्यांमधल्या दिव्यांच्या चुरशीच्या सणाला, दुपारी तीन वाजता मायेलिनचा प्रोग्राम सातव्यांदा कोसळला. पडद्यावर तीच एक ओळ, 'बेकायदा सूचना', आणि पुढे काही नाही. ना कारण, ना पत्ता.

"बेकायदा?" फाउस्तोकाका खुर्चीतून ताडकन उठले. "अगं, आपण परवान्यावर पोलिसांचा शिक्का घेतलाय!"

"काका, तुम्ही बसा बरं. कॉफी घ्या."

"चौथी आहे ही. आता कॉफीने काय होणार?"

काळजी साहजिकच होती. संध्याकाळी आठला चौकात बगळे आळीचा ऐंशी फुटी मनोरा उजळायचा होता, आणि समोर कासव आळीचा. ज्यांचा फिका पडेल त्यांची वर्षभर टिंगल. चाळीस वर्षं बगळ्यांचे दिवे काकांच्या लाकडी पिंपावर चालायचे. पिंप फिरवलं की त्याचे खिळे तारांना टेकायचे आणि दिवे लागायचे. यंदा आळीच्या बैठकीत काका स्वतःच म्हणाले, "पोरगी शाळेत कॉम्प्युटर शिकवते. दिवे गाण्यावर नाचवीन म्हणते, तर नाचवू दे." एवढ्यावर न थांबता त्यांनी पिंप फोडलं आणि त्या फळ्यांवर सगळ्यांसाठी डुक्कर भाजलं. आज मनोरा अंधारात राहिला, तर नाक काकांचं कापलं जाणार होतं.

घरी लॅपटॉपवर सगळं झकास चालायचं. पण दिव्यांच्या तारा ज्याला जोडल्या होत्या तो जुना प्रिंटर-पोर्ट लॅपटॉपला नव्हताच. तो होता मनोऱ्याखालच्या या म्हाताऱ्या कॉम्प्युटरच्या डब्याला, लिनक्स या फुकटच्या सिस्टिमच्या जिवावर कसाबसा तग धरून असलेल्या. मायेलिनने प्रोग्रामचा एकेक भाग बंद करून पाहिला. दिवे लावणारा भाग शहाण्यासारखा चालला. गाणं वाचणाराही चालला. ठेक्याचं गणित करणाऱ्या, तयार कोडच्या लायब्ररीतलं एक मॉड्यूल आलं, की सगळं धाडकन आडवं. मग तिने सिस्टिमचा लॉग उघडला. प्रोसेसरला मिळालेला हुकूम त्याला कळलाच नाही, असं तिथे लिहिलं होतं.

तिने कपाळावर हात मारला. चूक तिचीच होती. गणित झटपट व्हावं म्हणून तिने ते मॉड्यूल लॅपटॉपच्या नव्या प्रोसेसरसाठी खास कंपाइल केलं होतं, म्हणजे त्याच्याच भाषेत उतरवलं होतं, आणि अख्खं फोल्डर पेनड्राइव्हवर घालून इथे ओतलं होतं. या बेटावर सगळं असंच फिरतं, मालिका काय, गाणी काय, प्रोग्राम काय. इंटरनेटची वाट बघत कोण बसतं? पण नव्या प्रोसेसरची भाषा या म्हाताऱ्याने जन्मात ऐकली नव्हती.

"मग कर की पुन्हा, साधंसं," काका म्हणाले.

"मूळ कोड पुसला, काका. डिस्कवर जागा नव्हती."

"मग मागव."

मागवणार कुठून? मायामीहून आलेल्या पाहुण्यांसकट अख्खा गाव चौकात फोन धरून उभा होता. नेटवर्कने केव्हाच मान टाकली होती.

साधं, तयार मॉड्यूल गावात एकाच माणसाकडे मिळालं असतं. लिनक्सचं सगळं भांडार डिस्कवर भरून ठेवणारा तिचा धाकटा भाऊ, ओस्निएल. पण तो कासव आळीचा घरजावई, आणि कासवांचे दिवे त्याच्याच हातात. डिसेंबर लागला की दोघं रस्त्यात एकमेकांना ओळखही दाखवत नसत.

"डोकं दुखतंय, गोळी घेऊन येते," असं सांगून ती निघाली, आणि मागच्या गल्लीने थेट कासवांच्या मनोऱ्याभोवतीच्या शेडवर गेली.

"अगं बाई, बगळा!" ओस्निएलने दार जेमतेम फटीएवढं उघडलं. "हेरगिरी का गं ताई?"

"हळू बोल, मेल्या. आत घे मला."

आत कासवांच्या मनोऱ्याचा खालचा भाग उघडावाघडा होता. तिने बघू नये म्हणून ओस्निएलने गळ्यातला कासवांचा हिरवा रुमाल सोडून तिचे डोळे बांधले, हाताला धरून तिला आत नेलं आणि एका खोक्यावर बसवलं. तिने सगळं सांगितलं.

"कंपाइल कुठल्या मशीनवर केलंस?"

"लॅपटॉपवर."

"ताई! पोरांना हेच शिकवतेस शाळेत?"

"बोल, बोलून घे."

"दिलं नाही तर आम्ही आठच्या आधीच जिंकलो की."

"हो," ती म्हणाली. "काकांनी पिंप फोडलंय, ओस्नी. माझ्या भरवशावर फोडलंय."

पलीकडे खुर्ची सरकली. मग कीबोर्ड वाजला. तिच्या तळहातावर पेनड्राइव्ह आला आणि ओस्निएलने तिची मूठ मिटली. "पळ. कितीही जुन्या प्रोसेसरवर चालेल. मनोरा बघितला नाहीस ना?"

"नाही."

"चांगला झालाय गं," तो लहानपणीसारखं म्हणाला.

साडेपाचला ताडपत्रीखाली एक दिवा ठेक्यावर लुकलुकला. मॉड्यूल हूं की चूं न करता चाललं. काकांनी दिव्याकडे पाहिलं, मग मायेलिनकडे. डोळ्यांवरून खाली ओढलेला हिरवा रुमाल तिच्या गळ्यात तसाच लोंबत होता. त्यांनी तो हळूच सोडला आणि आपल्या खिशात कोंबला.

"हा रंग तुला शोभत नाही," एवढंच ते म्हणाले.

आठ वाजता बगळ्यांचा मनोरा गाण्यावर असा काही नाचला की काकांनी डोळे पुसले. दिवे करणाऱ्याला खांद्यावर घेऊन समोरच्या आळीला पहिली शिवी त्याच्याकडूनच द्यायला लावायची, हा रिवाज. मायेलिनला उचललं. समोर कासवांचा मनोराही झगमगत होता, आणि त्यांनी ओस्निएलला उचललं होतं. आळी ओरडत होती, "बोल! बोल!" आणि तिच्या तोंडून शब्द फुटेना. ज्याने आज लाज राखली त्याला काय म्हणायचं?

ओस्निएलने क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग तोंडाभोवती हात धरून तो बोंबलला, "ए बगळ्यांनो! आमच्या कासवाच्या ढुंगणावर याहून जास्त उजेड आहे!"

बगळे खवळले. मायेलिनला हसूही आलं आणि रडूही. मग ती बेंबीच्या देठापासून ओरडली, "ए घरजावया! तोंड उघडायच्या आधी सासूला विचारलंस का?"

दोन्ही आळ्या खदखदल्या. ओस्निएलला उचलणारे इतके हसले की तो पडता पडता वाचला. इतक्या मायेने तिने त्याला जन्मात कधी शिवी दिली नव्हती.