कॉलरमधला नंबर

मित्रांनो, हल्ली ज्याला लोक हसून डबा म्हणतात, तसला बटणांचा एक जुना फोन आहे मी. माझ्या पाठीचं झाकण रबराने बांधलेलं आहे. हिरवं बटण अजून ठीक आहे, पण लाल बटण एका कोपऱ्यात चेपलं आहे. ते कसं चेपलं, ते पुढे येईलच.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. शुद्धीवर आलो तेव्हा म्हैसूरच्या एका दुकानात काचेखाली पडलो होतो. किंमत इतकी कमी की गिऱ्हाइकाला संशय यावा. त्यातली मेख अशी की माझ्यात जन्मतःच एक कुलूप घातलेलं होतं. ज्या कंपनीने मला विकलं, तिचंच सिम मी चालवायचं. दुसऱ्या कोणाचं घातलं तर 'हे सिम चालणार नाही' असं पडद्यावर दाखवून गप्प बसायचं. कुलूप पोटात होतं, बाहेरून कोणाला दिसत नव्हतं. मलाही त्याचं काही वाटलं नाही.

मला विठ्ठलरावांनी घेतलं. बन्नीमंटपच्या रस्त्यावर त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं. दसऱ्यात मशालींची परेड बघायला लोटणारी गर्दी त्यांच्या पायरीवर बसून शेंगा खायची आणि टरफलं तिथेच टाकून जायची. घरात मराठी, गिऱ्हाइकांशी कन्नड, आणि रागावले की दोन्ही एकदम. त्यांचा नंबर जुना होता. मला घेतलं तेव्हा तो नंबर त्यांनी माझ्या कंपनीकडे वळवून घेतला, कारण नंबर बदलणं त्यांना शक्यच नव्हतं. त्यांनी कधीकाळी पाच हजार लेबलं विणून आणली होती. त्यावर दुकानाचं नाव आणि खाली नंबर. शर्ट शिवला की कॉलरच्या आत ते लेबल लागायचं. गिऱ्हाइकांची लेबलं पांढऱ्या दोऱ्याने आणि घरच्या माणसांची लाल दोऱ्याने, म्हणजे गठ्ठ्यात मिसळली तरी ओळखू यावीत. "लेबलं संपल्यावर नंबर बदलू," असं ते म्हणत. लेबलं काही संपली नाहीत. बिस्किटांचा एक डबा भरून अजून शिल्लक आहेत.

ती माझी कामाची वर्षं. शर्ट झाला का, बाही अर्धी की पूर्ण, लग्न शुक्रवारी आहे मास्तर, असे दिवसाला तीसचाळीस फोन. दुसऱ्यांचे फोन अंगठ्याने नुसते चोळावे लागत, मी मात्र मास्तरांच्या खडूने माखलेल्या बोटांखाली मजेत होतो. "राजा आहे हा," असं ते मला म्हणाले होते, एकदाच. एकदा म्हटलं तरी फोनच्या लक्षात राहतं.

त्यांना दोन मुलं. मोठी चंद्रिका लग्न होऊन म्हैसूरजवळच्या वरुणा गावी गेलेली, आणि धाकटा तरुण. तरुणचा हात चांगला होता. कॉलर तर तो बापापेक्षा सफाईने बसवायचा. पण एक दिवस त्याने सांगितलं की तयार कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात त्याला नोकरी लागली आहे. पगार ठरलेला, सुट्टी ठरलेली. दुकानात तेव्हा दोन गिऱ्हाइकं उभी होती. मास्तरांनी कात्री खाली ठेवली.

"रेडीमेडच्या दारात उभा राहिलास तर ह्या दारात परत उभं राहायचं नाही. गोत्तायता?"

कळलं का, असं विचारलं की उत्तर द्यावं लागतं. तरुण म्हणाला, "कळलं, अप्पा." तो गेला. आईने, म्हणजे सोयराबाईंनी, त्याच्या पिशवीत अप्पांनी शिवलेले दोन शर्ट घडी करून ठेवले. लाल दोऱ्याचे.

त्यानंतर त्याचे दोन फोन आले. दोन्ही दुपारी साडेचारला, बहुधा चहाच्या सुट्टीत. दोन्ही वेळा मास्तरांनी माझं लाल बटण दाबलं, आणि दुसऱ्या वेळी इतकं जोरात की ते चेपलं. मित्रांनो, मी नुसता फोन आहे. बटण दाबलं की आवाज कापायचा, एवढंच मला येतं. मी कापला. तिसरा फोन आला नाही. पुढे सोयराबाईंनी त्याचा नंबर लावून पाहिला तेव्हा तो बंद होता, आणि त्या मोठ्या दुकानातूनही तो निघून गेला होता. बापाचा हट्ट लेकात पुरेपूर उतरला होता.

तीन वर्षांनी विठ्ठलराव गेले. छातीत दुखतं म्हणाले, मशीनवर डोकं टेकलं, आणि संपलं. तरुणला कळवायचं कसं हे कोणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून त्याला कळलंच नाही. दुकान बंद झालं. सोयराबाई मला आणि लेबलांच्या डब्याला घेऊन चंद्रिकेकडे वरुणेला आल्या.

इथून माझी उपेक्षा सुरू झाली असं मी म्हणणार होतो, पण ते खरं नाही. मला रोज पुसत होते, रोज चार्ज करत होते. फक्त त्या घरात माझ्या कंपनीची रेंज नव्हती. चहूकडे ऊस आणि भातखाचरं, मधे नवं घर, आणि माझ्या पडद्यावर दिवसभर एकच वाक्य, 'सेवा उपलब्ध नाही'. रेंज नसलेल्या फोनला काय होतं ते सांगतो. काहीच होत नाही. दुखत नाही, खुपत नाही. कोणी हाक मारली तरी कळत नाही, आणि कळलं नाही हेही कळत नाही.

बाईंचंही तसंच झालं होतं. जेवायला बोलावलं की जेवायच्या, नाहीतर नाही. एक काम मात्र त्या चुकवत नव्हत्या. रोज चार वाजता मला कमरेला खोचून कालव्यापलीकडच्या बस थांब्यापर्यंत चालत जायच्या. तिथे डेअरीच्या दगडी कट्ट्यावर रेंजची एक काडी मिळायची. साडेचार वाजेपर्यंत, मग पाच वाजेपर्यंत त्या मला मांडीवर घेऊन बसायच्या. दुधाचे कॅन घेऊन आलेले लोक आधी विचारायचे, मग विचारेनासे झाले.

"आई, नवा नंबर घेऊन टाक ग," चंद्रिका म्हणायची. "ह्या घरात दुसऱ्या कंपनीची रेंज फुल्ल येते. सुम्ने, उगाच कशाला रोज उन्हात जातीस?"

"बेडा," बाई म्हणायच्या. नको. "त्याला हाच नंबर पाठ आहे. कधीतरी लावेल. तेव्हा अप्पा गेल्याचं कोण सांगणार त्याला? दुसऱ्या कोणाकडून कळायला नको."

एवढंच त्यांना हवं होतं. हा नंबर जिवंत राहावा, आणि तरुणने लावला तर आपण असावं. मग एका दुपारी कट्ट्यावर चक्कर येऊन त्या पडल्या. मी कालव्याच्या चिखलात पडलो. कॅनवाल्यांनी दोघांना घरी आणून सोडलं. तेव्हा चंद्रिकेची मुलगी स्पंदना हिने मला हातात घेतलं. ती कॉलेजात शिकते, मराठी मोजकंच बोलते.

"आज्जी, नंबर तोच ठेवून कंपनी चेंज करता येते. नोडू, बघूया, उद्या जाऊ."

दुसऱ्या दिवशी आम्ही म्हैसूरला, शिवरामपेठेत पवनकुमारच्या दुरुस्तीच्या दुकानात गेलो. पवनकुमार आपल्याच, म्हैसूरच्या मराठी बोलणाऱ्या लोकांतला. त्याचे आजोबा कापडाला रंग द्यायचे, हा फोनना काच बसवतो. त्याने दुसऱ्या कंपनीचं सिम माझ्यात घालून पाहिलं. मी माझी जुनी पाटी दाखवली.

"लॉक आहे ह्याला," तो म्हणाला. "पण फोडायला नको, आज्जी. एवढी वर्षं झाली, आता मागितलं की कंपनी कोड देते." बॅटरीखाली छापलेले माझे पंधरा आकडे त्याने लिहून घेतले. "नंबर कोणाच्या नावावर आहे?"

"ह्यांच्या."

"ते आलेत का?"

"ते इल्ला," बाई म्हणाल्या. ते नाहीत.

पवनकुमारने पेन खाली ठेवलं. मग त्याने समजावलं की माझ्या पोटातलं कुलूप सोपं आहे, खरं कुलूप नंबरला आहे. माणूस गेला की आधी नंबर वारसाच्या नावावर करावा लागतो, मगच तो दुसरीकडे नेता येतो. मृत्यूचा दाखला हवा, आणि बाकीच्या सगळ्या वारसांनी आमची हरकत नाही असं सही करून द्यायला हवं.

"सगळ्या?" स्पंदनाने विचारलं.

"सगळ्या."

चंद्रिकेने त्याच दिवशी सही केली. उरली ती तरुणची. ज्याच्यासाठी नंबर ठेवायचा, नंबर ठेवायला त्याचीच सही हवी. कंपनीला हे कळत नाही, आणि कळावं असं त्यांच्या कागदात कुठे लिहिलेलंही नाही.

पुढच्या सोमवारी आम्ही कंपनीच्या ऑफिसात होतो. मी टेबलावर, बाई खुर्चीत, स्पंदना त्यांच्या मागे उभी. टेबलापलीकडे नमिता नावाची मुलगी होती, वागायला चांगली. तिने दाखला पाहिला, चंद्रिकेची सही पाहिली. स्पंदना वाकून बाईंच्या कानात म्हणाली, "आज्जी, मामा आहे म्हणून सांगू नको. कोण चेक करतंय?"

"मक्कळु एष्टु जन, अम्मा?" नमिताने विचारलं. मुलं किती, एवढाच प्रश्न.

बाईंनी मला टेबलावर पालथं ठेवलं आणि म्हणाल्या, "ओब्बळे मगळु."

एकच मुलगी.

घरच्या भाषेत हे त्यांना बोलता आलं नसतं, असं मला वाटतं. नमिताने ते कागदावर उतरवलं आणि त्याखाली बाईंनी सही केली. डोळ्यांत पाणी आलं नाही. मी त्या बोटांना इतकी वर्षं ओळखतो, पण मला उचललं तेव्हा ती कोणाची आहेत ते ओळखू आलं नाही. बसमध्ये स्पंदना म्हणाली, "काम झालं ना, आज्जी." बाई म्हणाल्या, "सरी." बरं, एवढंच. घरी येऊन त्यांनी तांदूळ निवडायला घेतले. निवडलेलेच पुन्हा निवडत होत्या.

नंबर बाईंच्या नावावर झाला आणि दुसऱ्या कंपनीकडे गेला. मधे एक दिवस मी पूर्ण मेलेला होतो. मग स्पंदनाने नवं सिम घातलं, आकड्यांची एक लांब रांग माझ्या बटणांवर दाबली, आणि इतक्या वर्षांचं कुलूप उघडलं. आवाजसुद्धा झाला नाही. स्वयंपाकघरातल्या फळीवर माझ्या पडद्यावर चारी काड्या उभ्या राहिल्या.

"बघ, फुल्ल!" चंद्रिका म्हणाली.

बाईंनी मान हलवली. चारला उठून कुठे जायचं उरलं नव्हतं. त्या फळीखाली पाटावर बसायच्या आणि माझ्याकडे बघायच्याही नाहीत. कागदावर एकदा मुलगा नाही म्हटल्यावर वाट कोणाची बघायची, असं काहीतरी असावं. फोन येत होते. कर्ज हवं का, जागा हवी का. बाई प्रत्येक छापील आवाजाला विचारायच्या, "हॅलो, कोण?" आणि तो आवाज पुढे बोलत राहायचा.

असे पाच महिने गेले.

परवा सकाळी एका बाईचा फोन आला. कन्नडमध्ये बोलत होती, मी तुम्हाला मराठीत सांगतो.

"हा नंबर शर्टाच्या कॉलरमध्ये सापडला. टेलरांचाच ना? मी हुणसूरहून बोलते, सहाना. आमच्या ह्यांचा एक जुना शर्ट आहे. कॉलर पार विरली, तरी टाकू देत नाहीत. ती उलटवून मिळेल का? मी फोन केलाय हे त्यांना माहीत नाही."

बाईंनी विचारलं, "लेबल कसल्या दोऱ्याने शिवलंय?"

पलीकडे कापड सळसळलं. "लाल."

बाई पाटावरून उठल्या, आणि भिंतीला धरून पुन्हा बसल्या. हुणसूर. म्हैसूरहून बसने तासाभराची वाट. मी त्यांच्या गालाला चिकटून होतो, आणि कितीतरी वर्षांनी मला तिथे काहीतरी ओलं लागलं.

"मिळेल ना?" सहानाने पुन्हा विचारलं. "मास्तर आहेत?"

"शिवणारं माणूस आहे," बाई म्हणाल्या. आवाज साधा होता. "पैसे नकोत. वरुणेला यायचं. पण नुसता शर्ट पाठवू नको. गळ्याचं माप घ्यावं लागतं. त्याला घेऊन ये."

मित्रांनो, कॉलर उलटवायला माप लागत नाही. उसवायची, फिरवायची, त्याच टाक्यांवर शिवायची. मास्तरांच्या दुकानात मी हे शेकडो वेळा पाहिलं आहे, आणि सोयराबाईंनी माझ्याहून जास्त.

आता रीतीप्रमाणे मी तुम्हाला म्हणायला हवं की जुन्या फोनला जपा, पाण्यात टाकू नका. जपलंत तर बरंच वाटेल. पण मी फुटलो तर दुसरा मिळतो, आणि माझं कुलूप उघडायला आकड्यांची एक रांग पुरते. कोणाला तुमचा नंबर पाठ असेल तर तो चालू ठेवा. आणि रागात लाल बटण दाबण्याआधी माझ्या चेपलेल्या कोपऱ्यावरून एकदा बोट फिरवा. एवढंच माझं मागणं.

सहाना गुरुवारी त्याला घेऊन येते म्हणाली आहे. बाईंनी लेबलांच्या डब्यातून मास्तरांची मापाची टेप काढली आहे, आणि ती गळ्यात घालून त्या कालपासून घरभर फिरत आहेत.