पांढरी पट्टी

"भोंगा बंद होता. आणि तो कॅप्टनने तपासला नाही. इथपर्यंत तरी मान्य ना, शेरचन दाइ?"

चौकशी समितीच्या इंजिनियर शोभा अमात्य यांनी चष्मा वर सारला. सानुमान शेरचनने पाण्याचा पेला उचलला, तसाच खाली ठेवला. तीस वर्षं नेपाळच्या पोखऱ्यात विमानांच्या वायरी जोडण्यात गेली; तिथे सगळे त्याला दाइ, थोरला भाऊ, म्हणत. निवृत्तीला आठ महिने उरले होते. समोर विमान कंपनीचे उड्डाणप्रमुख राजभंडारी. मागच्या खुर्चीवर हस्तबहादुर पुन, पलटणीतले जुने सुभेदार. त्यांची लेक रेशमा उडवत होती ते विमान ढगातल्या डोंगरावर आदळलं. एकोणीस माणसं गेली, तीही गेली.

"यादीत स्वच्छ लिहिलंय," राजभंडारी म्हणाले, "उडण्याआधी भोंग्याची कळ बघा. पोरगी हुशार होती, पण घाई नडली."

"माझी पोर बुटाच्या नाड्या दोनदा बघायची!" सुभेदार उठून उभे राहिले.

"बुबा, बसा," वडिलांना म्हणावं तसं अमात्य हळूच म्हणाल्या.

सकाळी चहाच्या टपरीवर राजभंडारींनी सानुमानच्या खांद्यावर हात ठेवला होता. "गेलेल्याला नोकरी नसते, दाइ. तुम्हाला आहे."

जमीन जवळ आली की ओरडायचं, एवढंच त्या भोंग्याचं काम. पण जोमसोमच्या खोऱ्यात दोन्ही अंगांनी कडे. तिथे तो परक्या कडेवरच्या तान्ह्यासारखा अखंड रडे, आणि प्रवासी देवाचा धावा करू लागत. म्हणून पहाटे विमानाच्या नाकाला अबीर लावून झाला की सानुमान भोंग्याची कळ बंद करी आणि तिच्यावर पांढरी पट्टी चिकटवी. हा हुकूम कागदावर कुठेच नव्हता. सगळ्यांच्या अंगवळणी मात्र पडला होता.

"दाइ?" अमात्यांनी पुन्हा विचारलं.

"तिने बघितली होती कळ, हजुर."

सानुमानने पाण्याचा पेला बाजूला सारला.

"त्या दिवशी खोऱ्यात वारा सुटला. या साहेबांनी ऐनवेळी विमान पूर्वेला पाठवलं, तिथे भोंगा चालू लागतोच. प्रवासी बसले होते. खिडकीतून ती म्हणाली, 'दाइ, पट्टी काढू का?' मी म्हटलं, 'राहू दे नानी, पोरी, दुपारी परत खोऱ्यातच जायचंय.' शिकाऊ होती तेव्हापासूनची ओळख. माझा शब्द तिने कधी मोडला नाही."

राजभंडारी खुर्चीत सैलावले.

"झालं तर! पायलट नाही, हा चुकला. लिहून घ्या, मॅडम. त्यात कंपनीचा काय संबंध?"

"माझी चूक लिहाच," सानुमान म्हणाला. "मोठ्या अक्षरांत लिहा."

अमात्यांची लेखणी मात्र थांबली होती. "ती पट्टी तुम्ही बाजारातून आणत होता?"

"नाही हजुर. कंपनीच्या भांडारातून. महिन्याला एक गुंडाळी. मागणीच्या कागदावर मी 'जोमसोमचा भोंगा' असं लिहायचो."

"त्यावर सही?"

सानुमानने राजभंडारींकडे पाहिलं. "साहेबांची. सहा वर्षं. चारही विमानांसाठी."

"मी रोज शंभर कागदांवर सह्या करतो!" राजभंडारी ताडकन उठले. "दाइ, शुद्धीवर आहात ना?"

"आत्ताच आलोय, साहेब." मग तो अमात्यांकडे वळला. "नकला भांडारात असतील. आजच मागवा, हजुर. उद्या सापडायच्या नाहीत."

अमात्यांनी दारातल्या शिपायाला हाक मारली. "गाडी काढ. आत्ता. आणि भांडाराला सील ठोकायचंय म्हणावं."

जबाबावर सही करून सानुमान बाहेर आला, तेव्हा व्हरांड्यातल्या बाकावर सुभेदार एकटेच बसले होते. तो त्यांच्यापुढे उभा राहिला. हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना.

"विचारलं होतं तिने," सुभेदार म्हणाले.

"हो, बुबा."

"आणि तू राहू दे म्हणालास."

"मीच."

"आवाज कसा होता तिचा? घाबरलेला?"

"नाही. हसत होती. म्हणाली, बरं."

"बरं," सुभेदारांनी तो शब्द ओठांत धरून ठेवला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. अंगणातल्या उन्हात शिपायाने गाडी सुरू केली, ती फाटकातून गेली, धूळ खाली बसली.

मग ते बाकावर थोडेसे सरकले. वीतभर जागा झाली. सानुमान त्या जागेकडे बघत उभाच राहिला.