लेम्पीची पट्टी

सकाळी दार उघडलं तर पायरीवर लेम्पी कांगास उभी. मागे तिचा नवरा ओन्नी, हातात टोपी.

"माझं हरीण तुझ्या कुंपणात शिरलंय. रक्त तारेपर्यंत आहे. आत येऊ का?"

जखमी जनावरामागेसुद्धा ती न विचारता कुणाच्या रानात पाऊल टाकायची नाही. मी कॉफी पुढे केली, तिने मानेनेच नको म्हटलं. मी बूट चढवले.

आमच्या गावात आगीच्या बंबाच्या शेडमध्ये शिकारीचा वर्ग भरतो. या दोघांकडे शिकल्याशिवाय इथे कुणाला परवाना मिळालेला नाही, मलाही नाही. ओन्नी बंदूक शिकवी, लेम्पी धनुष्य. भर वर्गात भांडत. बाण मारणं म्हणजे हरणाला मरणाचं पत्र टपालाने पाठवणं, असं तो म्हणे. बंदूकवाल्याला हरीण दिसायच्या आधीच आवाज काढायची घाई, असं ती. पोरं हसत. एका गोष्टीवर मात्र दोघांचं एकमत होतं. तुमच्या हातून मेलं ते तुमचं, मांस मिळो न मिळो. एका परवान्यावर वर्षाला एकच हरीण आणि त्याच्या पायाला बांधायची एकच पट्टी; ती पट्टी त्यालाच बांधायची आणि त्या वर्षी घरी बसायचं.

गेल्या वर्षापासून लेम्पीचा उजवा हात थरथरू लागला होता. धनुष्याचा हा शेवटचा हंगाम, हे तिनेच ठरवलं होतं. आदल्या संध्याकाळी एक नर हरीण अगदी जवळ आलं. दोरी सोडताना हात हलला आणि बाण पोटात गेला. पोटात लागलेल्या हरणामागे लगेच धावायचं नसतं. ते जवळच बसतं, त्याला बसू द्यायचं. उठवलं तर मैलोन्‌मैल पळतं आणि तडफडतं. म्हणून ती रात्रभर थांबली. ओन्नी म्हणाला, कपडेही बदलले नाहीत तिने.

दलदलीच्या कडेला हरीण सापडलं. आमच्या आधी लांडग्यांना सापडलं होतं. मागचा भाग संपला होता. उरलेलं खाण्यासारखं नव्हतं. बाण फासळ्यांखाली मोडलेला होता.

मग ओन्नी हळूच म्हणाला, "पट्टी खिशातच राहू दे, लेम्पी. हे लांडग्यांनी मारलं. पुढच्या आठवड्यात माझी बंदूक घे. ओंडक्यावर टेकवून मार, हात हलला तरी चालेल."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "मी काही पाहिलं नाही."

"तू पाहिलंस की नाही, हे कोण विचारतंय?" ती म्हणाली. "रात्रभर पोटात माझा बाण घेऊन पडलं होतं ते."

"शेवटचं वर्ष आहे गं."

"हो. म्हणून तर."

तिने हातमोजे काढले, पट्टी काढली आणि बर्फात गुडघे टेकले. पट्टीचा दोरा हरणाच्या पायाभोवती जाई, पण गाठ बसत नव्हती. बोटं ऐकत नव्हती. सुटली, पुन्हा सुटली. मी पुढे सरकलो, तर ओन्नीने मला कोपराने मागे सारलं.

तो तिच्यासमोर बसला. दोऱ्याला त्याने हात लावला नाही. तो गारठलेला पाय दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला त्याने, तिची गाठ बसेपर्यंत.